अकरा मासे आणि एक बगळा

रविवार, ४ फेब्रुवारी. संध्याकाळ.
आजपासून डायरी. कुणी वाचायची नाही. एका माणसाची खोड मोडायची आहे आणि त्यासाठी तारीखवार नोंदी हव्यात.

माणूस म्हणजे कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानाचा मालक. उंच, काटकुळा, लांब मान. तासन्‌तास काचेसमोर एका पायावर भार देऊन उभा असतो. नाव ठेवलं बगळा.

झालं असं. सासूबाई सहा महिन्यांपूर्वी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आमच्याकडे असतात. आयुष्यभर हॉस्पिटलात मेट्रन होत्या. आता काठी घेऊन चालतात आणि उरलेला दिवस खिडकीपाशी खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी द्या. मी म्हटलं, मासे. टाकी, पंप, फिल्टर, रंगीत दगड, सगळं घेतलं. मासे निवडायला लागलो तर बगळा म्हणतो, टाकी आधी तीन-चार आठवडे नुसती चालू द्या, पाणी मुरू द्या, मग दोन मासे न्या. मी म्हटलं, मला आजच अकरा हवेत. तो म्हणाला, साहेब, घाई मासळीबाजारात करायची, इथे नाही.

दुकानात पाच गिऱ्हाईकं होती. पाचही हसली. त्यातल्या एकाच्या गुडघ्याचा एक्स-रे मी काढलेला आहे.

बाहेर जाऊन थांबलो. बगळा जेवायला गेल्यावर आत जाऊन त्याच्या बायकोकडून अकरा मासे घेतले. पहिला डाव माझा.

संकल्प: सहा महिन्यांत मासे असे धष्टपुष्ट करायचे की बगळा घरी येऊन विचारेल, कसं केलंत. सांगायचं नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ७.
अकराच्या अकरा मासे पाण्याच्या वर तोंडं काढून उघडझाप करताहेत. एका दिवसात मला ओळखायला लागले. सासूबाई म्हणाल्या, अहो, त्यांना श्वास लागलाय. मी नम्रपणे सांगितलं की बावीस वर्षं छातीचे एक्स-रे काढतोय, श्वास मला कळतो. ही भूक आहे. चार वेळा खायला घातलं. नव्या जागेत आलेत, हात आखडता घ्यायचा नाही.

एक मोठा नारिंगी, गोल पोटाचा आहे. सासूबाईंनी त्याचं नाव भोपळ्या ठेवलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसल्या. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

बुधवार, ७ फेब्रुवारी.
तीन गेले.

बगळ्याने मुद्दाम आजारी मासे विकले, हे उघड आहे. त्याच्या बायकोने विकले ही गोष्ट खरी, पण बायको त्याचीच.

मेलेले तीन डब्यात घालून दुकानात गेलो. वाटलं होतं चेहरा पडेल. त्याने एकेक मासा उचलून कल्ले उघडून बघितले आणि विचारलं, टाकीतलं पाणी आणलंय का, किती वेळा खायला घालता. मी म्हटलं, प्रश्न मी विचारणार. तो म्हणाला, विचारा. मला ऐन वेळी एकही सुचला नाही.

त्याने कागदावर चार ओळी लिहून दिल्या. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. पाणी आठवड्याला पाव भागच बदलायचं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग घालायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

घरी येऊन विचार केला. याचा धंदा मासे विकण्याचा. माझे मासे मेले तर फायदा कुणाचा? याचा. मग हा मासे जगवायचा सल्ला कशाला देईल? म्हणजे हा कागद सापळा आहे. आपण बरोबर याच्या उलट करायचं.

दोन तासांत सगळं पाणी बदललं. थेट नळाचं, ताजं. स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला. टाकी इतकी चकचकीत दिसत होती की बायकोलाही बोलायला जागा उरली नाही. ती बोलली, पण जागा नव्हती.

शनिवार, १० फेब्रुवारी.
आणखी दोन. सहा उरले.

चकचकीत टाकीत मासे मरतात याचा अर्थ रोग दुकानातूनच आलेला. बगळ्याविरुद्ध केस पक्की होत चालली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी.
अर्धा दिवस रजा काढून आरोग्य खात्यात तक्रार द्यायला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, दगावलेल्यांची वयं? मी म्हटलं, अंदाजे तीन महिने. त्या एकदम उभ्या राहिल्या. मासे म्हटल्यावर बसल्या. पुढचा, म्हणाल्या.

खाती सगळी अशीच. सूड ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी.
नामी युक्ती. माझ्याकडे रोज तीस-चाळीस माणसं एक्स-रेला येतात. छाती पाटीला लावून मी म्हणतो, श्वास घ्या, रोखून धरा. नेमक्या त्या क्षणी सांगायला सुरुवात केली, कोपऱ्यावरच्या दुकानातून मासे घेऊ नका, लबाड माणूस आहे. श्वास रोखलेला माणूस वाद घालत नाही.

आज एकतीस जणांना सांगितलं. एका काकांना पूर्ण हकीगत सांगेपर्यंत ते जांभळे झाले.

रविवार, १८ फेब्रुवारी.
बायको सासूबाईंना व्यायामासाठी घेऊन जाते. दर रविवारी दहा ते दीड. फिजिओथेरपी इतका वेळ चालते हे मला माहीत नव्हतं, पण येतात तेव्हा चेहरा टवटवीत असतो, म्हणून मी विचारत नाही.

तेवढ्यात दुकानावरून चक्कर मारली. दाराशी माझे एक्स-रेचे तीन पेशंट. प्रत्येकाच्या हातात माशांची पिशवी. जांभळे झालेले काकाही होते. म्हणाले, बरं झालं तुम्ही सांगितलंत, आम्हाला इथे असं दुकान आहे हेच ठाऊक नव्हतं.

युक्ती बंद.

बुधवार, २१ फेब्रुवारी.
आनंदाची बातमी. भोपळ्याच्या अंगावर चमक आली आहे. बारीक पांढरी टिकली लावल्यासारखी. उरलेल्या पाचांवरही थोडी थोडी. शिवाय सगळे दगडाला अंग घासून सुळकन पळतात. खेळकर झालेत. दिवसातून पाच वेळा खाण्याचा परिणाम.

सासूबाई भिंग घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. म्हणाल्या, ही चमक नाही, पांढरे ठिपके आहेत, मीठ भुरभुरल्यासारखे. अंगाला खाज सुटली आहे म्हणून घासतात. साथ आहे, सगळ्या टाकीला औषध द्यावं लागेल.

मी म्हटलं, तुम्ही आराम करा.

गुरुवार, २२ फेब्रुवारी.
सासूबाईंचं तोंड बंद करायला शास्त्रीय पुरावा हवा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत भोपळ्याला पिशवीतून हॉस्पिटलात नेलं आणि एक्स-रे काढला. दोन बाजूंनी. श्वास रोखायला सांगता येत नसल्यामुळे प्लेट थोडी हललेली आहे, पण हाडं उत्तम. काटा न्‌ काटा सरळ. फ्रॅक्चर नाही, छाती स्वच्छ.

प्लेट वाळत असताना मोठे डॉक्टर आत आले. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि पेशंटचं वय विचारलं.

संध्याकाळी ६. मेमो मिळाला. बगळ्याच्या खात्यावर हेही चढवलं.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी.
ठिपके वाढले. रोग आहे, हे मी आता स्वतःच्या निरीक्षणातून ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, मी तेच म्हणत होते. त्यांनी आधी म्हटल्यामुळे माझे दोन दिवस गेले.

रविवार, २५ फेब्रुवारी. दुपारी १२.
आज सूड. शांतपणे लिहितो.

रोग ज्याचा त्याला परत. सकाळी दोघी व्यायामाला गेल्यावर सहातला एक काळा मासा, सगळ्यात जास्त ठिपक्यांचा, छोट्या पिशवीत घालून पँटच्या खिशात ठेवला. दुकानात तोबा गर्दी. दर रविवारी असते म्हणे, आतल्या खोलीत काहीतरी चालतं. बगळाही आतच होता. दर्शनी भागातल्या मोठ्या टाकीवरची काच जरा सरकवली, मासा आत सोडला, काच लावली. अर्ध्या मिनिटाचं काम. आता त्याची टाकीच्या टाकी बसेल.

पिशवी गळत होती हे नंतर कळलं. बगळा बाहेर आला, माझ्या पँटीकडे बघितलं, टॉवेल दिला आणि म्हणाला, आमच्याकडे आत सोय आहे, संकोच करू नका.

असू दे. दोन आठवड्यांत कळेल कुणाची सोय झाली ते.

दीड वाजता. सासूबाईंनी आल्या आल्या मासे मोजले. काळा कुठाय, म्हणाल्या. मी म्हटलं, डिस्चार्ज दिला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मेट्रनची नजर वाईट असते.

मंगळवार, २७ फेब्रुवारी.
दुकानावरून सकाळी दोनदा, संध्याकाळी तीनदा गेलो. मोठ्या टाकीतले मासे ठणठणीत. कोपऱ्यात एक छोटी काचपेटी, आत हीटर आणि एकटा काळा मासा. वर चिठ्ठी: आजारी आहे, विक्रीसाठी नाही.

म्हणजे पकडला गेला. पण कुणी सोडला हे बगळ्याला कळायची सोय नाही.

घरच्या माशांसाठी पलीकडच्या गावातल्या दुकानातून औषध आणलं. बगळ्याकडून घेणं म्हणजे शरण जाणं. निळ्या रंगाचं आहे. बाटलीवर एक झाकण लिहिलंय. एक झाकण साध्या रोगाला. हा शत्रूचा रोग. तीन झाकणं घातली.

बुधवार, २८ फेब्रुवारी.
पाणी शाईसारखं झालं, आत कोण आहे दिसत नाही. माझे हात कोपरापर्यंत निळे. एका आजींनी माझ्याकडून एक्स-रे काढून घ्यायला नकार दिला, म्हणाल्या, आधी याला दाखवा कुणाला तरी.

शुक्रवार, १ मार्च.
दोघे गेले. भोपळ्या आणि दोन चिल्लर उरले. भोपळ्या तळाशी पडून आहे, पंख अंगाला चिकटवून. सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत. बायको म्हणाली, अहो, आईसाठी आणले होते ना मासे? एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मला मासे जगवायचेच आहेत. मी काय वेगळं करतोय?

त्यात हॉस्पिटलने नव्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलंय. उद्यापासून आठ दिवस, परगावी. मोठे डॉक्टर म्हणाले, तुम्हाला बदल हवा. सासूबाईंना सूचना लिहून दिल्या: खाणं पाच वेळा, पाणी रोज पूर्ण बदलणे, औषध तीन झाकणं. त्यांनी कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि म्हणाल्या, निवांत जा.

रविवार, १० मार्च.
काल रात्री परत आलो. आज सकाळी टाकी बघितली आणि डोळे भरून आले.

पाणी नितळ. एकही ठिपका नाही. भोपळ्या शेपूट पसरून टाकीभर फिरतोय, चिल्लर मागे. माझं औषध लागू पडलं. उशिरा पडलं, पण जालीम औषधाचं तसंच असतं. टाकीत एक हीटर आहे, तो आधी होता की नव्हता आठवत नाही. सासूबाईंना म्हटलं, बघा, तीन झाकणं. त्या हो म्हणाल्या.

सोमवार, ११ मार्च.
भोपळ्याचा फोटो मोठा करून घेऊन दुकानात गेलो. बगळ्याच्या नाकासमोर धरला. हाच क्षण महिनाभर डोळ्यांपुढे होता. त्याने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाला, छान झाला, आजींनी फार मेहनत घेतली.

कोण आजी?

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. हरलेला माणूस काहीही बरळतो.

विजयाप्रीत्यर्थ भोपळ्याला आजपासून पावाचा चुरा. त्याला फार आवडतो. किती घाला, खातोच.

शुक्रवार, १५ मार्च.
भोपळ्या आडवा पोहतोय.

म्हणजे एका कुशीवर, पोट वर, पाण्याच्या पृष्ठभागावर. आराम करत असेल. सासूबाई म्हणाल्या, पोट फुगलंय, त्याला तोल सावरता येत नाही, तीन दिवस काही घालू नका. उपाशी ठेवायचं? माझ्या घरात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही. सासूबाई दोन दिवस राहिल्या होत्या, पण स्वतःहून.

मी विज्ञानाचा माणूस आहे. तरी एक नोंदवतो: बगळ्याने फोटो बघितला सोमवारी, भोपळ्या आडवा झाला शुक्रवारी.

शनिवार, १६ मार्च.
कळलं. रविवारी आतल्या खोलीत बगळा आजारी माशांची तपासणी करतो. फुकट. गावभरचे लोक डबे-बरण्या घेऊन येतात. म्हणजे आधी रोग विकायचा आणि मग देव बनून बरा करायचा.

उद्या भोपळ्याला घेऊन तिथे जायचं आणि भरल्या खोलीत याचं बिंग फोडायचं. भाषण लिहून काढलं. अडीच पानं. आरशासमोर दोनदा म्हटलं. "मासा बोलत नाही, म्हणून मी बोलतोय" या वाक्यापाशी थांबायचं, लोकांना टाळ्यांना वेळ द्यायचा.

रविवार, १७ मार्च. दुपारी ३.
सगळं लिहायलाच हवं.

दोघी व्यायामाला गेल्या. मागोमाग मी बादलीत भोपळ्या घेऊन निघालो. आतल्या खोलीत बाकांवर वीसेक माणसं. भाषणाचा कागद काढला. लोक वळले. समोर लांब टेबल, टेबलावर काचेची भांडी, भिंग, थर्मामीटर. एका बाजूला बगळा उभा. मधल्या खुर्चीत, काठी टेबलाला टेकवून, पुढ्यात जाडजूड वही घेऊन, सासूबाई. भिंतीशी बायको लोकांना नंबर देत होती.

तिने मलाही दिला. चौदा.

मी बसलो. नंबर हातात आला की माणूस बसतो. एकेक जण पुढे जात होता, सासूबाई विचारत होत्या, लिहीत होत्या, बगळा त्यांना पाण्याचा रंग दाखवत होता, त्या मान डोलवत होत्या. सहा महिन्यांत त्यांचा इतका आवाज मी ऐकला नव्हता.

चौदा, बायको म्हणाली.

सासूबाईंनी वर बघितलं. ओळख दाखवली नाही. काय त्रास, म्हणाल्या. मी भाषणाचा कागद उघडला आणि म्हणालो, आडवा पोहतोय. कधीपासून? शुक्रवारपासून. काय खातो? पाव. किती? मला खोटं बोलायचं होतं. पण त्या आवाजापुढे चाळीस वर्षं वॉर्डच्या वॉर्ड खरं बोललेत, मी कोण. सहा वेळा, म्हणालो. मूठभर. पाणी? रोज, पूर्ण, नळाचं. फिल्टर? पांढराशुभ्र होईपर्यंत.

मागच्या बाकावर कुणीतरी अरेरे म्हणालं. जांभळे काका असावेत.

त्या लिहीत होत्या. मला उलटं वाचता येतं, एक्स-रेच्या कामात सवय होते. त्याच पानावर वर जुन्या तारखा होत्या. अकरा आले. तीन गेले, दोन गेले. औषध तिप्पट, दोन गेले. जावई परगावी: पाणी थोडं थोडं बदललं, हीटर दुकानदारांनी आणून दिला, खाणं एकदाच, तिघे सुधारले. जावई परत. आणि शेवटी, आजाराचं कारण या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, एकच शब्द. तो इथे पुन्हा लिहीत नाही.

बगळा वाकून हळूच म्हणाला, साहेब, तुमचा काळा मासा बरा झालाय. हवा तेव्हा न्या.

तो पहिल्या दिवसापासून जाणून होता. सासूबाईही. बायकोही. त्या पँटचं घरी कुणीच कसं काही विचारलं नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

सासूबाईंनी भोपळ्याला ॲडमिट करून घेतलं. तीन दिवस कडक उपास, मग उकडून साल काढलेल्या वाटाण्याचा एक कण. नातेवाइकांनी भेटायला यावं पाच ते सहा. बरोबर खाण्याचं काहीही आणू नये.

भाषणाचा कागद बादलीत पडला होता. शाई सुटली. बगळ्याने आधी मासा काढला.

मंगळवार, १९ मार्च.
पाच वाजता गेलो. भोपळ्या अजून तिरका. नुसता बघत उभा राहिलो. सासूबाई म्हणाल्या, काचेवर बोटं वाजवू नका.

बगळ्याला मनातल्या मनात शिव्या घालायला गेलो तर एकही नेमकी बसेना. मग ज्याला बसत होती त्याला घातल्या.

शुक्रवार, २२ मार्च.
भोपळ्या सरळ झाला. वाटाणा खाल्ला. सासूबाईंना फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, पेशंट चालायला लागला. त्या स्वतः आज काठी घरी विसरून गेल्या होत्या. बायकोने ती दाराशी तशीच उभी ठेवली आहे, उचलून आत नेत नाही.

मी म्हटलं, भोपळ्याला घरी कधी आणायचं? सासूबाई म्हणाल्या, बघू. मेट्रनचं बघू म्हणजे नाही.

रविवार, २४ मार्च. दुपारी २.
सकाळी दोघींबरोबर गेलो. आता लपवायचं काय. भिंतीशी उभा होतो. सासूबाईंनी माशांचे कल्ले नीट दिसावेत म्हणून माझ्या हातात टॉर्च दिला. अट एकच, बोलायचं नाही.

साडेतीन तास धरला. सत्तावीस मासे, एक कासव. एका बाईंनी विचारलं, हे कोण? सासूबाई म्हणाल्या, आमचे जावई, एक्स-रेमध्ये आहेत, अंधाराची सवय आहे.

एका डब्यात नव्या टाकीतले दहा मासे होते, सगळे वर तोंड काढलेले. मालक सांगत होता, मला ओळखतात ते. मी तोंड उघडलं. सासूबाईंनी बघितलं. मिटलं.

सगळे गेल्यावर बगळा माझ्याजवळ आला आणि त्याने हात पुढे केला. मी टॉर्च दिला. घरी आल्यावर कळलं, त्याला बहुतेक हात मिळवायचा होता.